अर्धी गोळी

पाचपाखाडीतल्या त्या दवाखान्याच्या पाटीवर
डॉक्टरांचं नाव आहे, कशाचे ते लिहिलेलं नाही.
खाली केकचं दुकान.
ओळखीचं कुणी दिसलंच तर मी केक घ्यायला आलेली असते.
वर्षात सात केक नेले घरी,
कुणाचाही वाढदिवस नसताना.

लग्न ठरलं तेव्हा मिरजेच्या आत्या म्हणाल्या होत्या,
"ठाण्याला? इतक्यातच?"
सगळे हसले, मीही.
त्या विनोदाला पोचायला बावीस वर्षं लागली.

वरच्या बाकावर भेटली इंदुमती वैती,
चेंदणी कोळीवाड्यातली.
साडी केवढ्याला घेतली विचारावं, त्या आवाजात म्हणाली,
"तुना कंची देतान गो?"

मी पर्स उघडली. तिनं कापडी पिशवी.

माझी पहिली पांढरी.
छातीतली कबुतरं बसली खाली,
पण तीन आठवडे जांभया.
बँकेच्या खिडकीशी लोक स्लिपा धरून उभे
आणि मी आ वासून.
शब्दही जायचे. एकदा झारा आठवेना,
"ते भोकांचं दे" म्हटलं,
नवऱ्यानं चाळणी दिली. मी चाळणीनंच भजी काढली.

तिची गुलाबी.
"कालीज धडधडाचा थांबला,
पन मना पापलेटाचा वास येना.
वास नाय त ताजा-शिला कसा सांगू गिऱ्हाइकाला?
खोटा बोलल्यावानी वाटाचा."
म्हणून तिनं आपणच बंद केली, कुणाला न विचारता.
चौथ्या दिवशी डोक्यात
ट्यूबलाइट लपलपावी तसे झटके,
टोपली धरून बाजारातच बसली खाली.

मग क्लोनाझेपाम, पॉइंट टू फाइव्ह, दोघींनाही.
नाव केवढं, गोळी दाण्याच्या कुटातल्या कणाएवढी.
डॉक्टर म्हणाले, ही पाहुणी, हिला भाडेकरू करू नका.
पण काय पाहुणी!
वीस मिनिटांत कापूरबावडीचा सिग्नल
कुणी हातानं हिरवा केल्यासारखं.
"आनि सकाली?" तिनं विचारलं.
सकाळी ओल्या गादीसारखं, मी म्हटलं.
"बराबर. वली गादी."

तिसरी मला लागू पडली. खरंच पडली.
पूल आला की मी आता डोळे मिटत नाही,
फोन वाजला की कोण गेलं असं मनात येत नाही.

आणि मग बाबा गेले.
मी पंधरा माणसांचा चहा केला.
साखर बरोबर पडली.
किती खंबीर, म्हणाले सगळे.
मी बाबांच्या चष्म्याकडे बघत राहिले,
काही येतंय का वाट बघत,
नळाला पाणी येण्याची बघतात तशी.

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.
इंदुमतीनं ऐकून घेतलं, अरेरे नाही, हात धरणं नाही.
विचारलं, "किती एमजी?"
वीस.
"मंग नाय येत पानी."
थोड्या वेळानं म्हणाली,
"माज्या पोराच्या हलदीत मी नाचलंय. फोटू हाय.
कोन नाचला त्यो मना ठाव नाय."

आता दोघींचीही कमी करतायत, हळूहळू. सध्या अर्धी.
चाकूनं भुगा होतो म्हणून ती अडकित्ता आणते,
सासऱ्याचा, पितळी, मोराच्या मानेचा.
माझीही तीच कातरते.

काल कातरताना अर्धी उडाली,
बाकाखाली गेली.
आम्ही दोघी गुडघ्यांवर,
एक बँकेच्या साडीत, एक नऊवारीत,
चपलांच्या रांगेत तळवे फिरवत.
कंपाउंडर ओरडला, अकरा नंबर!
अकरा माझा. मी म्हटलं, थांबा जरा.

इंदुमती थांबली होती.
नाक फरशीला टेकेल इतकी वाकून.

"गो," ती म्हणाली, अगदी हळू,
"ह्यो फिनेलचा वास हाय ना?"